सेक्टर फाइव्हचं पित्त

कोलकात्यात माणूस दमत नाही. त्याला गॅस होतो.

सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करणाऱ्या परप्रांतीयाला हे ज्ञान पहिल्याच महिन्यात होतं. सोमवारी सकाळी कोणी डोकं धरून बसलाय, गॅस. अप्रेझलचं पत्र उघडल्यावर कोणाच्या छातीत धडधडतंय, गॅस. रात्री दोनपर्यंत अमेरिकेतल्या क्लायंटशी वाद घातला, मग झोप नाही, पहाटे चारला टक्क जाग, बायकोशी बोलावंसं वाटत नाही, मुलगा सहावीत की सातवीत ते आठवत नाही, तरीही गॅसच. फक्त आता तो 'माथाय उठे गेछे', म्हणजे डोक्यात चढलाय. डोक्यात चढलेला गॅस हा इथला सर्वांत गंभीर आजार. त्याच्यापुढे माणूस जाऊ शकत नाही, थेट जातोच.

आमच्या टीममधले ज्येष्ठ म्हणजे मेजदा. घरी तीन भावांतले मधले, म्हणून मेजदा. ऑफिसात त्यांचा एकही भाऊ नाही, तरी ते सगळ्यांचे मेजदाच. त्यांच्या टेबलाचा वरचा खण एकदा मी चार्जर शोधायला उघडला. जेलुसिलच्या गुलाबी गोळ्या, सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी, इनोच्या पुड्या, डबीत भाजलेली बडीशेप, आणि मागच्या कोपऱ्यात, सांडू नये म्हणून रुमालात गुंडाळलेली अ‍ॅक्वा टायकोटिसची बाटली. चार्जरही होता. तो इनोच्या खाली होता.

ही अ‍ॅक्वा टायकोटिस म्हणजे ओव्याचा अर्क. बनवते बेंगॉल केमिकल्स. ही कंपनी आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी १८९२ साली सुरू केली, खिशातले सातशे रुपये घालून. रसायनशास्त्राचा एवढा मोठा प्राध्यापक, पण शिकलेल्या बंगाल्यांनी कारकुनीच्या मागे लागू नये, उद्योगधंदा काढावा, असं ते आयुष्यभर ओरडून सांगत राहिले. बंगाल्यांनी त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, त्यांचे पुतळे उभारले, त्यांच्या नावाचे रस्ते केले आणि कारकुनीला गेले. आचार्यांची कंपनी मग त्या कारकुनांच्या पोटासाठी ओव्याचा अर्क काढत राहिली. आज सेक्टर फाइव्हला येणाऱ्या मेट्रोवर बेंगॉल केमिकल नावाचं स्टेशन आहे. मेजदा रोज तिथून जातात. हात जोडत नाहीत, पण खिसा चाचपतात.

मराठी माणसाने याला हसायचं कारण नाही. आपल्याकडे पित्त आहे. माझी आई साताऱ्याहून रविवारी फोन करते.

"आवाज का असा येतोय तुझा?"

"काही नाही गं, दमलोय."

"दमायला काय झालं? खुर्चीवर तर बसतोस दिवसभर. पित्त झालं असेल. आमसुलाचं सार घे."

आमच्या घराण्यात दमण्याचा अधिकार फक्त तिघांना होता. बैल, विहीर खणणारे वडार आणि मुलीचं लग्न नुकतंच उरकलेला बाप. बाकी कोणी दमलो म्हटलं की त्याच्या कपाळाला हात लावून बघत. ताप नसेल तर मोरावळा. पंख्याखाली, गार हवेत, पगार घेऊन माणूस दमू शकतो ही कल्पना साताऱ्यात अजून पोचलेली नाही, आणि सॉल्ट लेकमध्ये पोचली ती पीपीटीतून पोचली.

तशी ती कल्पना काही आजची नाही. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे एक मानसतज्ज्ञ दिवसभर स्वतःचे पेशंट बघून रात्री गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबायचे. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत विझून जाताना त्यांनी पाहिले, मग स्वतःकडे पाहिलं, आणि १९७४ साली 'बर्नआउट'वर निबंध लिहिला. म्हणजे या विषयावरचं पहिलं महत्त्वाचं लिखाण एका दमलेल्या माणसाने ओव्हरटाइम करून लिहिलं आहे. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली आणि सोबत स्पष्ट लिहिलं की हा रोग नव्हे, ही कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था. लक्षणं तीन. एक, अंगातली शक्ती संपून जाणं. दोन, कामाविषयी मनात दुरावा किंवा तुच्छता निर्माण होणं. तीन, कामाचा उरक कमी होणं.

यातलं दुसरं लक्षण पुण्यात जन्मतःच असतं, त्यामुळे आम्हा लोकांत निदान अवघड जातं. तिसरं लक्षण मॅनेजरला पहिल्या दोन्हींच्या आधी दिसतं. पण खरा घोळ 'रोग नव्हे' या दोन शब्दांनी केला. आमच्या रजेच्या पोर्टलवर आजारपणाची रजा टाकताना कारण निवडावं लागतं. ताप आहे, अपघात आहे, बाळंतपण आहे, पोटाचे विकार आहेत. बर्नआउट नाही, कारण तो रोग नव्हे. मग माणूस काय निवडणार? पोटाचे विकार. डॉक्टरही समजूतदार. नाडी न बघताच ते गॅस्ट्रोएन्टरायटिस लिहून देतात आणि विचारतात, "कोणता प्रोजेक्ट?" यामुळे कागदोपत्री सेक्टर फाइव्हमध्ये मानसिक थकवा जवळपास शून्य असून जुलाबाची मात्र कायमची साथ आहे. पाण्याची टाकी धुऊन झाली, कॅन्टीनचा कंत्राटदार बदलून झाला. साथ आटोक्यात येईना.

गावच मुळात एका न थकणाऱ्या माणसाच्या नावाचं. सॉल्ट लेकचं सरकारी नाव बिधाननगर, डॉ. बिधानचंद्र रायांवरून. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असतानाही ते सकाळी पेशंट तपासायचे, फुकट, आणि मग राज्य चालवायला जायचे. पूर्वेच्या खाऱ्या दलदलीत भर घालून मध्यमवर्गासाठी शहर उभारायचं त्यांनी मनावर घेतलं. १९६२ साली काम सुरू झालं, हुगळीचा गाळ उपसून नळांवाटे इथवर आणून ओतला. त्याच वर्षी १ जुलैला, ऐंशीव्या वाढदिवशीच, डॉक्टर गेले. जन्मही १ जुलैचा, मृत्यूही १ जुलैचा. तारखेच्या बाबतीतसुद्धा त्यांनी जास्तीची सुट्टी घेतली नाही. हल्ली त्या दिवशी आपण डॉक्टर्स डे पाळतो.

शहराचा आराखडा केला युगोस्लाव्हियाच्या दोब्रिव्होये तोश्कोविच यांनी. रुंद रस्ते, झाडं, चौकाचौकात गोल बेटं, आणि मोहल्ल्यांना नावं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं. एई, बीजे, सीके, एफडी. नव्या माणसाला सगळे चौक सारखेच दिसतात. पत्ता सांगताना लोक पाण्याच्या टाकीचा नंबर सांगतात आणि टाक्याही एकमेकींसारख्याच आहेत. यात पाचवा विभाग उद्योगांसाठी राखला होता. त्यात इलेक्ट्रॉनिक्स आलं, मग आयटी आलं, काचेच्या इमारती आल्या आणि त्यांच्या पायाशी, गटारावर फळ्या टाकून, लुची-आलूरदम, घुगनी, चाउमीन आणि चहाच्या टपऱ्या आल्या. सेक्टर फाइव्ह खरं चालवतं कोण, याबद्दल मतभेद आहेत. माझं मत टपऱ्यांना. सर्व्हर दोन तास बंद पडला तर आम्ही सावरतो. कॉलेज मोडजवळच्या टपरीवाल्या बौदी, म्हणजे वहिनी, मुलीच्या परीक्षेसाठी दोन दिवस गावी गेल्या तेव्हा एक डिलिव्हरी लांबली होती.

हावडा मैदानापासून सेक्टर फाइव्हपर्यंतची मेट्रो ऑगस्ट २०२५मध्ये सलग सुरू झाली. मधला थोडा भाग हुगळीच्या तळाखालून जातो. आधी नदीचा गाळ सॉल्ट लेकला आला, आता नदीखालून माणसं येतात. शहर-नियोजनकारांना याचं फार कौतुक आहे. मला एवढंच दिसतं की प्रवासाचा वेळ वाचल्याबरोबर सकाळचा कॉल तेवढाच अलीकडे आला.

तर ती पीपीटी. एका बुधवारी मेल आला की कर्मचाऱ्यांच्या थकव्याची कंपनीला अतिशय काळजी वाटते. सबब 'बर्नआउटवर मात' हे ऑनलाइन सत्र ठेवलं आहे, संध्याकाळी साडेसात ते नऊ. उपस्थिती अनिवार्य. कॅमेरा चालू हवा. जे दमले असतील त्यांनी विशेष करून यावं.

बाई गुडगावहून बोलत होत्या. मागे खोटा बांबू, शेजारी खरी मेणबत्ती. आधी त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला लावला. सगळ्यांनी घेतला, आणि चाळीस चौकटींतून एकदम जांभया बाहेर पडल्या. मग त्या म्हणाल्या, आता डोळे मिटा आणि जिथे तुम्हाला सर्वांत शांत वाटतं ती जागा डोळ्यांपुढे आणा. ती जागा चॅटमध्ये लिहा. डोळे मिटून लिहायचं कसं हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. दीघा, पुरी, दार्जिलिंग अशी नावं पडू लागली. बंगाली माणूस या तिघांच्या बाहेर सहसा शांत होत नाही. मी 'कास पठार' लिहिलं. एकाने नुसतं 'बाथरूम' लिहिलं आणि त्याला सर्वांत जास्त अंगठे मिळाले.

पाचेक मिनिटांनी घोरण्याचा आवाज आला. संथ, भरदार, मध्येच वरच्या पट्टीत जाणारा. मेजदांचा माइक चालू राहिला होता. बाईंनी तो बंद करायला सांगितलं नाही. उलट त्या भारावून म्हणाल्या की बघा, यालाच खोल विश्रांती म्हणतात, या सहकाऱ्याने खरोखर स्वतःला सोडून दिलं आहे. सोडूनच दिलं होतं. पंचवीस मिनिटं सगळी टीम मेजदांचं घोरणं ऐकत बसली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या सत्रात उपयोगी पडलेली तेवढीच गोष्ट. दोघंतिघं त्या नादावर झोपले.

सत्र संपताच फॉर्म आला. पंचवीस प्रश्न. 'या सत्रानंतर तुमचा थकवा किती कमी झाला?' एक ते दहा. रात्री बारापर्यंत भरायचा. ज्यांनी भरला नाही त्यांना सव्वाबाराला 'जंटल रिमाइंडर', साडेबाराला तोच मेल मॅनेजरला प्रत लावून. दुसऱ्या दिवशी कळलं की प्रत्येक टीमला एक 'वेल्बीइंग चॅम्पियन' नेमायचाय आणि आमच्या टीममधून मी झालोय, कारण निवडीच्या वेळी मी चहाला गेलो होतो. काम सोपं होतं. दर शुक्रवारी टीममधल्या प्रत्येकाच्या थकव्याचा तक्ता भरून पाठवायचा. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे जळाला. मी पहिल्या शुक्रवारी मनापासून भरला. चार लाल. लगेच फोन आला की प्रत्येक लालमागे एक कृती आराखडा जोडायचा, त्याचा साप्ताहिक आढावा घ्यायचा आणि आढाव्याला लाल माणसांनी स्वतः हजर राहायचं, शनिवारी. पुढच्या शुक्रवारी सगळे हिरवे झाले. आमची टीम दोन्ही मजल्यांत सर्वांत ताजीतवानी ठरली आणि त्याबद्दल आम्हाला एक पाण्याची बाटली मिळाली, जिच्यावर 'ब्रीद' असं लिहिलंय.

यात मला कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. तिची बिचारीची बुद्धी तेवढीच. तिला वाटतं थकवा एकेकट्या माणसात तयार होतो, म्हणून एकेकट्यानेच तो निपटावा. श्वास घ्यावा, पाणी प्यावं, कृतज्ञतेची वही ठेवावी. विश्रांती हा गृहपाठ झाला. पण एकट्याने रजा टाकून पाहा. तुम्ही घरी, बाकीचे सगळे कामावर. मेल येतच राहतात, कामं साचतात, आणि चौथ्या दिवशी परत गेलात की चार दिवसांचं काम एका दिवसात उपसायला लागतं. माणसाला खरी विश्रांती मिळते ती एकाच अवस्थेत. आपल्याला काम सांगणारा माणूसही त्याच वेळी झोपलेला असला पाहिजे.

ही गोष्ट जुन्या कोलकात्याला आणि जुन्या पुण्याला, कोणत्याही तज्ज्ञाच्या मदतीशिवाय, कळली होती. दुपारचा भात जेवून इथला माणूस आडवा होतो आणि त्या वेळी गल्लीत फेरीवालाही ओरडत नाही, कारण तोही कुठल्यातरी ओट्यावर आडवा असतो. पुण्यात एक ते चार दुकान बंद. जगाने यावर विनोद करकरून हात धुऊन घेतले, पण त्यातलं शास्त्र कोणी पाहिलं नाही. दुकानदार झोपलेला, गिऱ्हाईकही झोपलेलं, मग नुकसान कोणाचं? नुकसान झालं ते बाहेरगावच्या, जाग्या गिऱ्हाइकाचं, आणि त्यानेच ही बदनामी केली. २०१७ साली चितळ्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. मी ती सेक्टर फाइव्हमध्ये वाचली. गड पडल्याची बातमी वाचावी तशी वाचली.

कोलकात्याने या शास्त्राचा कळस गाठला तो 'बंद'मध्ये. राजकारण बाजूला ठेवा. बंदचा दिवस म्हणजे बस नाही, दुकान नाही, ऑफिस नाही, रस्त्यात क्रिकेट, घरी खिचडी आणि तळलेलं वांगं. एक कोटीच्या वर माणसं एकाच दिवशी आडवी. पण आमच्या वाट्याला तेही नाही. राज्य सरकारने आयटीला सार्वजनिक उपयुक्त सेवांत घातलं होतं. म्हणजे पाणी, वीज, इस्पितळ यांच्या पंगतीला आमचं कोडिंग. न्यूजर्सीच्या विमा कंपनीचा मासिक अहवाल वेळेवर निघाला नाही तर बंगालमध्ये हाहाकार होईल, असा समज असावा. मग बंदच्या आदल्या रात्री गाड्या भरभरून माणसं ऑफिसात आणली जायची. मीटिंगच्या खोलीत गाद्या, टेबलावर कॅरम, कॅन्टीनमध्ये अंड्याची आमटी. मुख्यमंत्री असताना बुद्धदेव भट्टाचार्यांनी २००८ साली उद्योजकांपुढे जाहीर सांगून टाकलं की आपला पक्ष बंद पुकारतो, पण आपल्याला तो पसंत नाही. पक्षात खळबळ उडाली. आमच्या गादीवर मात्र त्या वाक्याने कोणाची कूस बदलली नाही. अख्खं कोलकाता झोपलेलं, आणि काचेच्या खिडकीतून ते झोपलेलं शहर बघत आम्ही जागे. यापेक्षा क्रूर वेल्बीइंग सत्र मी पाहिलेलं नाही.

आणि मराठी माणसाची तर इथे वेगळीच पंचाईत. कारण रविवार ही आपल्या घरची गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, मुंबईत गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पंधरा तारखेच्या आत. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षं हा माणूस चिकटून राहिला. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकांनीही उभं राहून भाषणं केली, आणि १० जून १८९०पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. लोखंड्यांनी कामगारांना एकेकटं बोलावून श्वास घ्यायला शिकवलं नाही. त्यांनी सगळे भोंगे एकाच दिवशी बंद करायला लावले.

त्या मागण्या मी सेक्टर फाइव्हला लावून पाहिल्या. पगार वेळेवर होतो, ते मान्य. दुपारच्या अर्ध्या तासाला आता 'लंच अँड लर्न' म्हणतात. डबा खाता खाता कोणीतरी क्लाउडवर बोलतं आणि पोळीचा घास घशात असतानाच 'एनी क्वेश्चन्स?' येतं. सूर्यास्ताला काम बंद हीसुद्धा मागणी अंमलात आहे. फक्त कोणत्या देशाचा सूर्यास्त हे लोखंड्यांनी लिहून ठेवलं नाही, आणि त्या फटीतून संपूर्ण आयटी उद्योग आत आला. कॅलिफोर्नियात सूर्य मावळतो तेव्हा आमच्याकडे बौदी पहिला चहा टाकतात.

राहिला रविवार. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याचं त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असं विचारलं. ज्या मुंबईत रविवार जन्मला त्याच मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या अध्यक्षांनी. मी ती चित्रफीत घरी दाखवली. बायकोने ती शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "अहो, आधी बघून तर दाखवा. मागच्या महिन्यात मी केस कापले."

यावर उपाय म्हणून कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क मिळावा असं विधेयक सुप्रिया सुळ्यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं, आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. ते खासगी विधेयक आहे. १९७०नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. तरी मी मेजदांना ती बातमी उत्साहाने सांगितली. मेजदांनी ऐकलं, मान डोलावली आणि एवढंच विचारलं, "आणि साहेबांचा फोन नाही उचलला तर ते व्हॉट्सअ‍ॅप करतील, त्याचं काय?"

एका गोष्टीवर मात्र विनोद करवत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याचं मुख्यालय, स्वास्थ्य भवन, आमच्याच सेक्टर फाइव्हमध्ये आहे. ऑगस्ट २०२४मध्ये आर. जी. कर इस्पितळात छत्तीस तासांच्या ड्यूटीवर असलेली एक शिकाऊ डॉक्टर, नीटशी विश्रांतीची खोली नाही म्हणून सेमिनार हॉलमध्ये जरा पाठ टेकायला गेली, आणि तिथे तिची हत्या झाली. सप्टेंबरात कनिष्ठ डॉक्टर स्वास्थ्य भवनासमोर रस्त्यावर बसले, ऊनपावसात, दहा-अकरा दिवस. न्यायाच्या मागणीबरोबर त्यांच्या मागण्यांत इस्पितळात सुरक्षित विश्रांतीची खोली आणि स्वच्छतागृह हीही होती. लोकांनी डबे आणले, पंखे आणले, ताडपत्र्या आणल्या. आमच्या इमारतींतून शिफ्ट सुटलेली पोरं गळ्यातलं ओळखपत्र तसंच ठेवून तिथे जाऊन बसत. पाठ टेकायला जागा द्या, असं एवढ्या मोठ्याने आणि एवढ्या जणांनी एकदम म्हटलेलं मी सेक्टर फाइव्हमध्ये तेव्हाच ऐकलं.

वर्षातून एकदा मात्र सेक्टर फाइव्हलासुद्धा हात टेकावे लागतात. दुर्गापूजा. षष्ठी ते दशमी. मोहल्ल्यामोहल्ल्यात मांडव, एफडी ब्लॉकला एक, बीजेला दुसरा, आणि विमानतळाकडे जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर श्रीभूमीच्या मांडवाची गर्दी अशी की एकदा तिथे बुर्ज खलिफा उभारला तर विमान चुकायची पाळी आली लोकांवर. या पाच दिवसांत मेजदा वेगळेच असतात. मध्यरात्री बिर्याणी, वर फिश फ्राय, पहाटे तीनला एग रोल, आणि गॅसचं नाव नाही. त्यांच्या खणाला पाच दिवस कुलूप. वैद्यकशास्त्राने याचा अभ्यास करायला हवा.

हे पाच दिवस ऑफिस सांभाळतो तो मराठी माणूस. 'तुम्हाला काय, तुमचा गणपती झाला,' असं सगळे सहकारी म्हणतात. नवरात्र आमच्याकडेही असतं, घट बसतात, नऊ दिवसांचे उपास असतात, हे मी सांगून पाहिलं. उपास असतो म्हटल्यावर त्यांना वाटतं, मग हा मोकळाच आहे. वर इतिहास आमच्या विरुद्ध. आम्ही बर्गी, म्हणजे इथे धाडी घालणारे मराठे स्वार. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा धसक्याने कोलकात्याने १७४२ साली मराठा खंदक खणायला घेतला. अर्धाच खणून झाला, मराठे काही आले नाहीत, पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड केला. डेडलाइनच्या भीतीने सुरू करून मध्येच बारगळलेला हा कोलकात्याचा पहिला मोठा प्रोजेक्ट. बर्गी येतील म्हणून बाळाला झोपवणारं अंगाईगीत इथे अजून म्हणतात. ज्याच्या नावाने बंगालची पोरं झोपतात तो मराठी माणूस आता सेक्टर फाइव्हमध्ये नाइट शिफ्टला असतो, हे त्या आयांना कोणी कळवलेलं नाही.

त्याच १७४२मध्ये भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांनी काटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली होती. नवाब अलिवर्दीखानाने ऐन पूजेत नदी ओलांडून छापा घातला आणि पंतांना पूजा अर्धी टाकून निघावं लागलं. म्हणजे बंगालमध्ये पूजेची रजा मंजूर होऊन ऐनवेळी रद्द झालेला पहिला मराठी माणूस ते. परंपरा मी चालवतो.

गेल्या नवमीला ऑफिसात मी आणि सिक्युरिटीवाला, दोघंच. संध्याकाळी ओहायोच्या क्लायंटची सिस्टीम बसली. कोड मेजदांचा. मी मेल टाकला, मेजदांचं स्वयंचलित उत्तर आलं. मॅनेजरला टाकला, त्यांचंही आलं. त्यांच्या मॅनेजरचंही आलं. वीस मिनिटांत माझ्याकडे अकरा जणांनी देवीच्या आगमनाच्या शुभेच्छा पाठवल्या, सगळ्या यंत्राकडून. शेवटी फोन लावला. मेजदांनी उचलला, पण पलीकडे ढाक असा दणाणत होता की त्यांना माझं काही कळेना. "सर्व्हर!" मी ओरडलो. "भोग? हो हो, संपला भोग, उद्या ये!" ते ओरडले आणि ठेवून दिला.

मी चहा आणायला खाली गेलो. परत आलो तर ओहायोचा मेल. सिस्टीम आपोआप सुरू झाली आहे, आभार, मात्र मूळ कारणाचा अहवाल पाच दिवसांत पाठवावा. पाच दिवसांनी मेजदा कारण सांगायला ऑफिसात आले नाहीत, कारण त्या दिवशी घरोघरी लक्ष्मीपूजा होती. आपली कोजागिरी तीच. बायकोने केशर घालून दूध आटवलं होतं आणि मी गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन तो अहवाल लिहीत होतो. त्या रात्री लक्ष्मी बाराला बाहेर पडून कोण जागं आहे ते बघत फिरते म्हणतात, आणि जो जागा त्याला धन देते. समोर सेक्टर फाइव्हचे सगळे मजले उजळलेले, हजारो माणसं टक्क जागी. तिनेही ते पाहिलं असणार. पण बिलिंगचा पत्ता तपासून ती ओहायोला गेली.